फिरती

देवपूरच्या माझ्या गच्चीवर चिकोंडी फिरी बसला आहे,
मलावीहून धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात आलेला,
मक्याच्या आकड्यांवर प्रबंध लिहितोय.
फिरी हे त्याचं आडनाव.
म्हटलं, बाबा, मीही जन्मभर फिरतीवरच होतो:
सांख्यिकी कार्यालय, अन्वेषक, तीस वर्षं.
भत्ता किलोमीटरवर मिळायचा,
खरेपणावर नाही.

तो सांगतो,
आमच्याकडे एका माणसाच्या वाट्याला हजारभर घरं
आणि एक सायकल, तिचीही चेन तुटलेली.
मग तो आंब्याखाली बसून मुखियाला विचारतो,
यंदा मका कसा?
मुखिया म्हणतो, आधी सांग,
खत जास्त पिकवणाऱ्याला मिळणार की कमी?

मी इतका हसलो की प्रमिला जिन्यातून डोकावून गेली.
साक्रीकडचे एक आप्पा आठवले,
बांधावरूनच ओरडायचे,
तुले जे लिखनं ते लिखी ले भाऊ, पन चहा पी.

आमचं तर सगळं नियमात होतं.
यादृच्छिक अंकांचा तक्ता, दहा मीटर बाय पाच,
चार खुंट्या, सुतळी, ताणकाटा.
कापा, झोडा, तोला,
वाळवा, पुन्हा तोला.
साल ब्याण्णव, धडगाव तालुका.
तक्त्यातून निघालेला सर्व्हे नंबर नदीपलीकडे,
आणि परतीच्या पावसानं नदी फुगलेली.
शहाद्याच्या स्टँडवर भजी खाता खाता लिहिलं:
ज्वारी, हेक्टरी सहा क्विंटल चाळीस.
आदल्या वर्षी सहा वीस होती.
जरा बरं वाटावं.

तो आकडा माझ्यापेक्षा लांब गेला.
धुळ्याला, पुण्याला, दिल्लीला.
वर्षांनी एका जाड अहवालात ओझरता भेटला,
बाकीच्यांत मिसळून, अंग चोरून:
सहा पूर्णांक सदतीस शतांश.
सदतीस शतांश!
एवढं बारीक खोटं बोलायची माझी ऐपत नव्हती.

पुढच्या सुगीला लाज वाटली.
कमरेएवढ्या पाण्यातून गेलो, काटा डोक्यावर.
वेरसिंग पावराच्या आईनं माझा प्लॉट कापून टाकलेला,
निम्मा तर खाऊनही झालेला.
खुंट्यांची तिनं शेळी बांधायला सोय केली होती.
म्हणाली, तुझी वाट बघत पोरांना उपाशी ठेवू?
मग विचारलं,
तू पेरलेलं मोजतोस की खाल्लेलं?
मोह, चारोळी, नदीतले मासे,
हे कोण लिहितं?
मी फॉर्म उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.
समोरच्या रकान्यात एक आडवी रेघ मारली:
माहिती उपलब्ध नाही.
नोकरीतली माझी सगळ्यात खरी रेघ.

धुळ्याच्या टंकलेखकानं तिचं शून्य केलं.
कागदावर त्या वर्षी
त्या गावात दाणाही पिकला नाही.
उपासमार बघायला जीप भरून माणसं गेली,
आणि म्हातारीनं त्यांना भाकरी वाढली.

चिकोंडी बराच वेळ काही बोलला नाही.
पांझरेवरून वास येत होता, नेहमीचा.
मग म्हणाला, तिकडे पश्चिमेला एका देशानं
पायाभूत वर्ष बदललं,
आणि रात्रीतून देश दीडपट श्रीमंत झाला.
सकाळी बाजारात कुणी काही म्हणालं का?
मी विचारलं.
म्हणाला, मोबाईल दुरुस्त करणारे म्हणाले असतील,
आम्ही आधीपासूनच होतो.

कपाटातून त्याला माझा जुना ताणकाटा काढून दाखवला.
गंज चढलाय. आकडीला काही नाही,
वाराही नाही,
तरी काटा पन्नास ग्रॅमवर.
तीस वर्षं असाच होता का, त्यानं विचारलं.
मला ठाऊक नाही.
रिकामा कधी टांगून पाहिलाच नाही.

तो वहीत काहीतरी लिहितोय.
वाकून बघावंसं वाटतंय
की रेघ आहे
की शून्य.